डाव्या पायाची सोयरीक

माझ्या थोरल्या मुलाचं लग्न माझ्या डाव्या पायाने ठरवलं. मला कोणी विचारलं नाही, मुलाला तर नाहीच नाही. मुलगा तेव्हा मुंबईला गोदीत कारकून होता, आणि मी श्रीवर्धनला आमच्या गल्लीतल्या महादूच्या फाटकाशी पोटरी धरून उभा होतो.

गोष्ट स्वातंत्र्यानंतरच्या दहाएक वर्षांतली. घरामागे माझी पोफळीची वाडी होती. पोफळ म्हणजे सुपारीचं झाड. आमच्याकडे माणसाची ऐपत त्याच्या पोफळींवरून कळते, आणि अक्कल त्यांना तो पाणी कधी देतो यावरून. मला मुलगे दोन. थोरला वसंता, तो मुंबईला, लग्नाचा. धाकटा शरद, तो शाळेत, अर्ध्या चड्डीतून लेंग्यात जाण्याच्या बेताला आलेला. धाकट्याचं इथं काही काम नाही, पण तो आहे एवढं वाचकांनी ध्यानात ठेवावं.

चालण्यात माझा हात धरणारा गावात कोणी नव्हता. (असं मीच सांगत असे, पण गावाने कधी हरकत घेतली नव्हती.) पहाटे निघून हरिहरेश्वरला जायचं, देवाला नमस्कार करायचा आणि दिवेलागणीला घरी यायचं, हे मी करत असे आणि आल्यावर आठवडाभर सांगत असे. देव पहिल्या दिवशीच कंटाळला असेल, पण लोक ऐकून घेत.

मग एका सकाळी बाजारातून येताना डाव्या पोटरीने असहकार पुकारला. असा पीळ पडला की जागच्या जागी उभा राहिलो. जरा वेळाने पीळ सुटला. पुन्हा चाललो, पुन्हा तेच. बसलो तर काही नाही, आडवा झालो तर काही नाही, जेवायला तर अजिबात अडचण नाही. पायाला फक्त चालण्याचं वावडं.

बायकोने "वात हाय" असा निकाल दिला. उंडीचं तेल चोळलं, तापवलेली वीट फडक्यात गुंडाळून शेक दिला. घरभर त्या तेलाचा असा वास सुटला की मांजरसुद्धा ओटीवर झोपेनासं झालं. पायाला मात्र काडीचा फरक नाही. हळूहळू मी बाहेर पडणं टाळू लागलो. वाडीत कामं आहेत, पाहुणे यायचेत, ऊन फार आहे, अशी कारणं सांगू लागलो. आमच्या घरातून समुद्र ऐकू यायचा, पण दिसायचा नाही. दोन वर्षं मी तो नुसता ऐकला. हे मात्र मला फार लागत होतं आणि कोणाला सांगताही येत नव्हतं. समुद्र पाहायला न मिळण्याची तक्रार श्रीवर्धनच्या माणसाने करायची कोणाजवळ?

शेवटी बायकोने मला बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर नवे होते. तरुण, चष्मा लावणारे, बोलायला तुटक. त्यांनी हाताची नाडी पाहिली, मग पावलावर बोटं ठेवली, मग घोट्यामागे, मग गुडघ्यामागे. मला गुदगुल्या होत होत्या, पण त्यांचा चेहरा पाहून हसू आवरलं.

"डाव्या पायाची नाडी लागत नाही," डॉक्टर म्हणाले.

"हाताची लागते ना?" बायकोने विचारलं.

"लागते."

"मग पायाची कशाला हवी?"

डॉक्टर माझ्याकडे वळले, "विड्या किती ओढता?"

"जेवणानंतर एखादी."

"हे दिवसभर जेवतच असतात," बायको म्हणाली.

मग डॉक्टरांनी, म्हणजे त्या तरुण माणसाने, मला माझ्याच वाडीतला दाखला दिला. "तुमच्या वाडीत रहाटाचं पाणी पाटाने जातं ना? पाटात गाळ साचला तर काय होतं?"

"कडेच्या पोफळीला पाणी पोचत नाही."

"तुमची पोटरी म्हणजे ती कडेची पोफळ. पायाकडे जाणारी रक्ताची वाट आतून बुजत चालली आहे. बसलात तर थोडं रक्त पुरतं. चाललात की जास्त लागतं, ते मिळत नाही, म्हणून पोटरी ओरडते."

"मग गाळ काढा."

"तो इथं मला काढता येत नाही. पण मुख्य पाट तुंबला की पाणी बाजूने वाट काढतंच. पायातही बारीक वाटा असतात. रोज चाललात तर त्या हळूहळू रुंदावतात. म्हणून रोज चालायचं. चांगलं दुखू लागलं की उभं राहायचं, निवळलं की पुन्हा चालायचं. कुठं दुखतं ती जागा लक्षात ठेवायची. विडी आज सुटली. उद्या नाही, आज. तापलेली वीट बंद, अनवाणी फिरणं बंद."

मी दुखतंय म्हणून गेलो होतो आणि हे म्हणत होते, दुखेपर्यंत चाला. मी विचारलं, "आणि नाही केलं तर?"

डॉक्टरांनी माझ्या बोटांकडे पाहिलं. "बोटं काळी पडू लागली की मुंबई. तिथं कमरेतल्या नसा कापून बघतात. त्यानेही भागलं नाही, तर पाय..."

त्यांनी वाक्य तिथंच सोडलं. मी ते गाडीत घरापर्यंत मनात पुरं करत आलो. विनोदी आठवणीत असं लिहू नये, पण मी घाबरलो होतो. शेजारी बसलेली बायको एरवी बैलालासुद्धा सूचना देणारी, ती गप्प होती, म्हणजे तीही घाबरली होती.

घरी पोचल्यावर मात्र तिला वाचा फुटली. "ह्यातलं एक अक्षर बाहेर जाता कामा न्हाय. पायाची बोटं म्हटलं की लोक भलत्या रोगाचं नाव घेतील. वसंताला कोण मुलगी देईल? चाला, पण दुखतंय असं दाखवायचं न्हाय."

आता चालायचं, दुखेपर्यंत चालायचं, दुखलं की थांबायचं, पण दुखतंय म्हणून थांबलो हे कोणाला कळू द्यायचं नाही. एवढी पथ्यं तर क्षयाच्या रोग्यालाही नसतात.

आमची पाखाडी, म्हणजे दगड बसवलेली गल्ली, घरापासून निघून सरळ समुद्राकडे जाते. दोन्ही बाजूंना गडगे, म्हणजे बुटक्या दगडी भिंती, गडग्यांमागे वाड्या आणि घरं, शेवटी सुरूचं बन आणि पलीकडे वाळूची पुळण. पहिल्या संध्याकाळी मी नव्या वहाणा घालून, धोतर सावरून निघालो. महादूच्या फाटकाशी आलो आणि पोटरीने पीळ घेतला. थांबलो.

महादू आमच्याच जातीतला, ओट्यावर सुपारी सोलत बसला होता. "काय भाऊ, आज इकडं?"

"सहज."

सहज माणूस वाटेत मधोमध उभा राहत नाही. उभं राहायचं तर कशाकडे तरी बघायला हवं. मी वर बघितलं. वर पोफळी होत्या.

"पोफळी बऱ्या दिसतात तुमच्या," मी म्हणालो.

महादूचा हात थांबला. "बऱ्या हायत."

"उन्हाळ्यात पाणी टिकतं?"

"टिकतं की."

"काही कीडबीड?"

"छे, छे. घरची निगा हाय," महादू म्हणाला आणि उठून उभाच राहिला. "अगं, भाऊ आलेत, पान आण."

पानामागून विडी येणार हे मला ठाऊक होतं. विडी आली तर मी नको म्हणू शकणार नाही, हेही ठाऊक होतं. मी घाईने म्हणालो, "पान नको. पानाला अजून अवकाश हाय." तेवढ्यात पोटरी निवळली, आणि महादू काही बोलत असताना मी चालू लागलो.

इथं आमच्या पाखाडीची एक रीत सांगितली पाहिजे. आमच्याकडे मुलाचा बाप मुलीच्या घरी जाऊन सरळ मागणी घालत नाही. नकार आला तर तोंड कुठं लपवायचं? तो संध्याकाळी फाटकाशी उभा राहतो आणि पोफळींची चौकशी करतो. बऱ्या आहेत का, पाणी टिकतं का, कीड आहे का. ज्याला समजायचं त्याला सगळं समजतं. आणि सोयरीक जुळेपर्यंत तो त्या दारचं पान खात नाही. 'पानाला अवकाश आहे' असं म्हणतो.

ही रीत मला माहीत नव्हती असं नाही. माझं स्वतःचं लग्न अशानेच झालं. माझे वडील सासऱ्यांच्या फाटकाशी उभे राहून माडावरच्या भुंग्याबद्दल इतकं बोलले की सासरे शेवटी कंटाळून हो म्हणाले. पण पोटरीत पीळ पडलेला असताना माणसाला रीतीभाती आठवत नाहीत. त्याला फक्त पोटरी आठवते.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा निघालो आणि पुन्हा महादूच्या फाटकाशीच थांबलो. पोटरी तिथंच दुखायची, त्याला मी काय करणार? महादूने आज डोक्यावर टोपी घातली होती. मी पोफळींकडे पाहिलं, आज नारळांचीही चौकशी केली. तिसऱ्या दिवशी ओटा सारवलेला होता. पुढे काही दिवसांनी वर्षानुवर्षं एका बिजागरीवर लोंबणारं फाटक सरळ झालं. मला वाटलं, महादू सुधारला.

महादूची मुलगी सुलोचना, सगळे तिला सुली म्हणत, ती ओट्याच्या खांबाशी उभी असायची. उंच, सावळी. ती माझ्याकडे बघायची नाही, नजर खाली, माझ्या पायांशी. मी मनात म्हटलं, वा, काय विनय आहे.

एकीकडे विडीचा विरह चाललाच होता. हाताला चाळा म्हणून मी सुपाऱ्या सोलायला बसायचो आणि कोवळ्याही सोलून टाकायचो. घरात मी कोणावर कशासाठी ओरडेन याचा नेम राहिला नाही. शरद तर मी दिसलो की अभ्यासाला बसायचा. त्याचं ते वर्ष चांगलं गेलं.

मग महादूच्या घरून फणसाची साठं आली. बायकोने विचारलं, "ही कशापायी?"

"शेजारधर्म," मी म्हणालो.

ताट रिकामं कसं परत करायचं, म्हणून बायकोने नारळाच्या वड्या घालून पाठवलं. महादूच्या घरी त्या वड्या कशा वाजतगाजत वाटल्या गेल्या असतील, याची आम्हांला तेव्हा कल्पना नव्हती.

एवढ्यात एक संध्याकाळ अशी आली की मी महादूच्या फाटकाशी पोचलो आणि पोटरी दुखलीच नाही. मी वाट पाहिली, नाही. मला इतका आनंद झाला की महादू टोपी घालून उभा आहे, त्याची बायको हातात तांब्या घेऊन उभी आहे, हे काही न बघता मी छाती काढून पुढे गेलो. पोटरी दुखली ती हरीतात्यांच्या फाटकाशी. तिथं थांबलो. हरीतात्या ओट्यावर झोपाळ्यात बसले होते.

"पोफळी बऱ्या दिसतात तुमच्या," मी म्हणालो. सवयच झाली होती.

हरीतात्यांनी झोपाळा पाय टेकून थांबवला. त्यांनाही कुसुम नावाची लग्नाची मुलगी होती. मला त्याचं काय! मी डॉक्टरांकडे जाऊन सांगितलं, "महादूच्या फाटकावरून हरीतात्यांच्या फाटकापर्यंत आलो."

डॉक्टर गावात नवे. ते खूश होऊन म्हणाले, "उत्तम. असंच पुढे जात राहा. एका ठिकाणी अडकून राहायचं नाही."

मी तो सल्ला तंतोतंत पाळला. रोज महादूवरून ताठ मानेने जायचो आणि रोज हरीतात्यांशी पोफळींवर बोलायचो. हरीतात्यांच्या डोक्यावरही टोपी आली. अख्ख्या पाखाडीत माणसं टोप्या घालून ओट्यावर का बसतात, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही.

तो प्रश्न बायकोला विहिरीवर पडला. महादूच्या बायकोने तिला पाहून घागर दुसऱ्या बाजूला ठेवली आणि विहिरीला ऐकवलं, "काही लोकांना आज हिची पोफळ बरी वाटते, उद्या तिची. आमच्या पोफळीला काय कीड दिसली ते तरी सांगावं."

बायको घरी आली ती कळशी न भरताच. "अहो, महादूच्या फाटकाशी तुम्ही काय बोलत होता?"

"काही नाही. पोफळींचं."

"पोफळींचं?"

"पाणी टिकतं का, कीड आहे का..."

"पान दिलं तर?"

"अवकाश आहे म्हणालो."

बायको खाली बसली. "आणि हरीतात्यांशी?"

"तेच." तोवर माझ्या डोक्यात उजेड पडत चालला होता आणि तोंडचं पाणी पळत चाललं होतं.

"एक मुलगा आणि दोन घरं! ज्या लग्नासाठी पाय झाकला ते लग्नच तुम्ही उधळून आलात."

मग तिनेच तोडगा काढला. "उद्यापासून ह्या दोन्ही दारांशी उभं राहायचं न्हाय. थांबायचंच असेल तर जिथं लग्नाची मुलगी न्हाय तिथं थांबा. आणि झाडांबद्दल बोलू नका."

बायकोचा सल्ला मी ऐकतो, त्याचं हे फळ. दुसऱ्या दिवशी दात आवळून मी महादू ओलांडला, हरीतात्या ओलांडले. पोटरी किंचाळत होती. पाखाडीचं शेवटचं घर आलं आणि मी गडग्याला टेकलो. हे घर चंद्राबाईचं. चंद्राबाई विधवा, मुलंबाळं नाहीत, एकटीने वाडी राखणारी, आणि तिच्या जिभेला सगळी पाखाडी वचकून. लग्नाची मुलगी नाही, म्हणून मी निर्धास्त होतो.

टेकल्या टेकल्या मान वळवली, आणि सुरूच्या झाडांतून समुद्र दिसला. पूर्ण नाही, एक पट्टी. भरती होती आणि पाणी उन्हात चमकत होतं. दोन वर्षांनी. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

चंद्राबाई अंगणात सुपारी पसरत होती. "काय भाऊ, वाट चुकलात काय?"

झाडांबद्दल बोलायचं नव्हतं, म्हणून मनात होतं ते बोललो. "चुकलो न्हाय, चंद्राबाई. इथवर पोचलो, ह्याचाच आनंद हाय."

हे मी ओल्या डोळ्यांनी म्हणालो. गडग्यापलीकडून कोणीतरी ते ऐकलं. मी मधे थांबत थांबत घरी आलो. बातमीची पोटरी दुखत नसावी, ती माझ्या आधी पोचली होती.

बायकोने ताट वाढलं. आमटी वाढताना डाव ताटावर आपटला. "चंद्राबाईच्या दारात आनंद झाला म्हणे."

"झाला."

"डोळ्यांत पाणी आलं म्हणे."

"आलं. समुद्र दिसला गं."

डाव हवेत राहिला. मग तिने आमटीवर तूप वाढलं, आमच्याकडे ते पाहुण्यांना वाढतात, आणि पदराने तोंड पुसत आत गेली. त्या रात्रीइतकी आमटी मला कधी गोड लागली नाही.

पण गाव काही तूप वाढत नाही. दुसऱ्याच दिवशी दुपारी आमच्या ओटीवर महादू आला. टोपी घालून. तो बसतो न बसतो तोच हरीतात्या आले. टोपी घालून. दोघे ओटीच्या दोन टोकांना बसले आणि एकमेकांच्या टोप्यांकडे बघू लागले. मी मधे. बायको दाराआड उभी राहून मला डोळ्यांनी बजावत होती: पायाचं बोलायचं नाही. पण पायाचं न बोलता ह्यातून सुटायचं कसं?

"पाऊस यंदा..." मी सुरुवात केली.

"पावसाचं राहू द्या," महादू म्हणाला. "आधी आमचं दार, मग तात्यांचं, आणि आता चंद्राबाईचं! भाऊ, तुम्हांला सून बघायची हाय की काय बघायचं हाय?"

"मी सांगतो..." मी म्हणालो, पण काय सांगू? तेवढ्यात अंगणातून आवाज आला, "बाबा, घरी चला."

सुली होती. बापाला न्यायला आली होती, कारण बाप रागाच्या भरात निघाला होता हे तिने पाहिलं होतं. ती ओटीच्या पायरीशी उभी राहिली आणि माझ्या पायाकडे बघत म्हणाली, "भाऊकाकांना पोफळी नकोत नि सून पण नको. त्यांचा पाय दुखतो."

दोन्ही टोप्या माझ्या पायाकडे वळल्या.

"आमच्या फाटकाशी आले की डावी पोटरी धरायचे. पोटरी सुटली की बोलणं अर्धं टाकून निघायचे. मुलगी बघायला आलेला माणूस वाक्य तरी पुरं करतो. आधी पाय आमच्याशी दुखायचा, मग तात्यांच्याशी, काल पार चंद्राकाकूपर्यंत गेले. म्हंजे बरे होत चाललेत. आणि तुम्ही भांडताय."

मला कळलं की मी ज्याला विनय समजत होतो ती तपासणी होती.

"अगं, मग आधी सांगायचं न्हाय?" महादू म्हणाला.

"सांगणार होते. पण त्यांच्या पायापायी तुम्ही फाटक दुरुस्त केलंत. म्हटलं ओट्याचं छप्पर पण होऊ दे."

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी पाट, गाळ, कडेची पोफळ, सगळं सांगितलं. हा रोग दुसऱ्याला लागत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं तरी मीच सांगून टाकलं. वाडीवाल्यांना पाटाची भाषा लगेच समजली. हरीतात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि मोठा श्वास सोडला.

"बरं झालं बाबा. आमच्या कुसुमचं म्हसळ्याला जुळलंय. तुम्हांला नकार कसा द्यावा, ह्या काळजीनं मला चार दिवस जेवण गेलं न्हाय. आज तेच सांगायला आलो होतो."

"मी पण नकारच द्यायला आलो होतो," महादू म्हणाला. "दारोदार हिंडणाऱ्या बापाच्या घरात कोण मुलगी देईल?"

म्हणजे मी मागणी घातलीच नव्हती, आणि मला दोन नकार मिळाले होते. चंद्राबाईचा धरला तर तीन, पण तो यायचा होता.

दाराआडून बायको बाहेर आली. आतापर्यंत ती लाजेने चूर होती. आता लाज कुठल्या कुठे गेली. "नकार? आमच्या वसंताला? त्याच्यात काय खोट हाय ते सांगा." असं म्हणून तिने वसंताची नोकरी, उंची, अक्षर आणि लहानपणापासूनचं आरोग्य असं सगळं सांगितलं. दोघे टोपीवाले मान खाली घालून ऐकत राहिले. बोलता बोलता तिची नजर पायरीवरच्या सुलीकडे गेली, आणि तिथंच राहिली. त्या नजरेची मला ओळख आहे. बाजारात चांगली पापलेटं दिसली की ती अशीच बघते.

दुसऱ्या संध्याकाळी मी चालायला निघालो तर बायको वहाणा घालून सोबत. महादूच्या फाटकाशी ती थांबली. माझी पोटरी दुखत नव्हती, मी पुढे निघालो, तर तिने माझं उपरणं धरून ओढलं.

"महादूभावजी," ती म्हणाली, "पोफळी बऱ्या दिसतात तुमच्या."

महादू टोपी शोधायला आत धावला.

वसंता शिमग्याला आला तेव्हा त्याला विचारलं. तो म्हणाला, "सुली? शाळेत तिने माझी पाटी फोडली होती." जरा थांबून म्हणाला, "पण गुन्हा माझा होता." ह्यापेक्षा स्पष्ट होकार आमच्या घराण्यात आजवर कोणी दिलेला नाही. सुलीनेही एक अट घातली. सासऱ्यांनी विडी पुन्हा धरली तर ती माहेरी निघून जाणार. माहेर त्याच पाखाडीत असल्यामुळे धमकी सोपी होती, पण मी घाबरलो.

लग्नात मी वरातीबरोबर सगळी पाखाडी चाललो, आणि चंद्राबाईने गडग्यावरून सगळ्यांसमोर विचारलं, "भाऊ, आज कुठवर आनंद?" वऱ्हाड हसलं. बायको सर्वांत जास्त हसली.

वसंताला मुंबईत खोली मिळेपर्यंत सुली आमच्याकडे राहिली. तेवढ्या दिवसांत तिने डॉक्टरांनाही मागे टाकलं. संध्याकाळ झाली की ती वहाणा दारात मांडायची, आणि मी परत आलो की पावलं नीट पाहायची, कुठं कापलं नाही ना, खरचटलं नाही ना. एका संध्याकाळी असा चालत चालत मी सुरूचं बन ओलांडून पुळणीवर जाऊन उभा राहिलो. पट्टी नव्हे, सगळा समुद्र. मी तिथं बराच वेळ उभा होतो, आणि पाय दुखत होता म्हणून नव्हे.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. विडी सुटली ती सुटली, बोटं काळी पडली नाहीत, मुंबईला गेलो ते फक्त नातवाच्या बारशाला. परवा ते डॉक्टर, बदली होऊन गेलेले, सुट्टीला श्रीवर्धनला आले होते. मला घराकडून पुळणीपर्यंत तडक येताना त्यांनी पाहिलं. वाळूवर बसवून त्यांनी माझ्या पावलावर बोटं ठेवली आणि चकित झाले.

"कमाल आहे. मधे कुठंच थांबला नाहीत. आता दुखत नाही?"

"दुखतं की. हरीतात्यांच्या पुढं गेलं की दुखतं."

"अहो, मग तिथं उभं राहायचं. मी तसंच सांगितलं होतं ना?"

"कसा उभा राहू, डॉक्टर?" मी म्हणालो. "दोन्ही बाजूंना टोप्या घालून बसलेत. धाकट्याचं लग्न अजून व्हायचंय."